ती घरीच असते

माझा भाऊ रसन खोटं बोलणाऱ्यातला नाही. टॅक्सीवाला असूनही नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि तो हसायचा. आयुष्यात तो एकदाच ठरवून खोटं बोलला, तेही बायकोची अब्रू राखायला, आणि तेवढं आमच्या घराला पुरलं.

त्याची बायको बद्रिया पाणथळातली. तिच्या माहेरी पाणगवताची घरं, होडीतून ये-जा आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. आमच्या गावात अशा लोकांना ‘मअदान’ म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. शाळेत पोरं भांडली की एकमेकांना हाच शब्द फेकून मारतात. लग्नाआधी बद्रिया रोज सकाळी आईबरोबर पुलाजवळ बसायची, म्हशीच्या दुधाच्या जाड सायीची, गैमरची ताटं समोर मांडून. रसन रोज पुलावर टॅक्सी थांबवायचा आणि साय घेऊन यायचा. एवढी साय, की खजुराच्या काकवीबरोबर खाऊन खाऊन आम्हाला मळमळायला लागलं. शेवटी आई म्हणाली, "हा पोरगा साय आणायला जातो की सायवालीला बघायला?"

खरं काय ते कळलं तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं. मअदानची पोर या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणाली. रसन अडून बसला. जेवण सोडलं, बोलणं सोडलं, आईच्या भाषेत सांगायचं तर आंघोळसुद्धा सोडली. अखेर आईनंच हात टेकले. बद्रिया घरात आली आणि तिच्या बापानं आंदण म्हणून एक पारडी पाठवली. तिचं नाव रिहाना.

मी तेव्हा विधवा होऊन माहेरी परतले होते, जिभेला धार लावून बसलेली. नव्या भावजयीशी भांडायची माझी पूर्ण तयारी होती. तिनं भांडूच दिलं नाही. मी काही लागट बोलले की ती म्हणायची, "ताई, आज चहा जास्त उकळलाय वाटतं," आणि नवा कप ठेवायची. अशा बाईशी किती दिवस भांडणार? वर्षभरात ती मला भावापेक्षा जवळची झाली. हे मी तिला कधी तोंडानं सांगितलं नाही, पण तिला माहीत होतं.

रिहानाची म्हैस झाली, तिच्यामागे तीन मेंढ्या आल्या. घरामागचं अंगण म्हणजे बद्रियाचं राज्य. उजाडायच्या आत उठून शेण काढणं, ओला चारा कापून आणणं, धार, मग तंदूर पेटवून भाकऱ्या, मग पुन्हा अंगण. दुपारी सगळं गाव पंख्याखाली आडवं झालं की ही खजुराच्या झाडाखाली रिहानाला घेऊन बसायची आणि तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढायची. एकेक गोचीड चिमटीत धरून ओढायची आणि विटेवर ठेवून अंगठ्याच्या नखानं फोडायची. विटेवर लाल ठिपके पडायचे. रिहाना सुखानं डोळे मिटायची. मला शिसारी यायची.

"अगं, चप्पल घे तरी," मी म्हणायचे.

"चपलेखालून निसटतात, ताई. नखाला बरोबर कळतं. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची."

"म्हणून तुझ्या हातचं जेवताना मी डोळे मिटून जेवते."

"म्हणजे रिहानासारखंच," ती म्हणायची. आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

रसनला मात्र हे सगळं लपवावंसं वाटायचं. बायकोची लाज नव्हती त्याला, हे मी शपथेवर सांगेन. तिच्यासाठी तो आईशी भांडला होता. पण टॅक्सीच्या अड्ड्यावरचे लोक टोचायचे. हातिफ म्हणून त्याचा एक दोस्त आहे, जीभ सैल सोडलेला माणूस. तो गाडीत डोकं घालून म्हणायचा, "अबू बनीन, गाडीत म्हैस बसवून आणलीस की काय रे?" बनीन म्हणजे रसनची मुलगी, सहा वर्षांची. तिचा बाप म्हणून त्याला सगळे अबू बनीन म्हणतात. रसन हसून घालवायचा आणि घरी येऊन गाडीत अत्तर शिंपडायचा. लग्न झालं तेव्हाच त्यानं बद्रियाला सांगून ठेवलं होतं, तू आता पुलावर बसायचं नाहीस. पुढं साय झाली की मी विकून येत जाईन. कुणी विचारलं तर सांग, मी घरीच असते.

त्या वर्षी बकरी ईद उन्हाळ्यात आली. आमची आई त्याच्या आदल्या थंडीत गेली होती, म्हणून रसननं तिच्या नावानं कुर्बानी द्यायची ठरवलं. रानातल्या एका मेंढपाळाकडून त्यानं चांगला दांडगा एडका आणला, तोही टॅक्सीच्या मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरून. एडका खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या बाजाराला दर्शन देत आला. त्या दिवशी हातिफ हसून हसून रस्त्यावर बसला म्हणे.

एडका देखणा होता, पण गोचिड्यांनी भरलेला. कानात, शेपटीखाली, जांघेत, बोट ठेवायला जागा नाही. बद्रियानं त्याला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"हा असा द्यायचा देवाला?"

ईदला अजून बरेच दिवस होते, पण ती त्याच दुपारी बसली. सावली फिरेल तशी एडक्याला घेऊन फिरत राहिली आणि एकेक करून सगळा एडका साफ केला. हाताला जखमा झाल्या, नखं लाल झाली. मी म्हटलं, राहू दे आता, कापायचाच तर आहे. तर म्हणते, "आईंच्या नावाचा आहे, ताई. त्यांना मअदानची सून आवडली नाही. निदान तिनं पाठवलेला एडका तरी आवडू दे." मग बनीनला बोलावून दोघींनी मिळून त्याच्या कपाळावर मेंदी लावली.

काही दिवसांनी बद्रियाला ताप भरला.

साधा ताप नव्हता. डोकं फुटतंय म्हणाली, कंबर मोडलीय म्हणाली, डोळे लाल झाले. जी बाई बाळंतपणानंतर आठवड्यात चाऱ्याचा भारा उचलून आणते ती अंथरुणातून उठेना. रसन तिला टॅक्सीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मी बनीनला आणि जनावरांना बघायला घरी राहिले.

संध्याकाळी परत आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन. टायफॉइड असावा म्हणाले. बद्रियाला मी गादीवर निजवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या भावानं आज म्हैस विकून टाकली. मेंढ्यासुद्धा. डॉक्टरसमोर, एका वाक्यात."

"म्हणजे?"

"डॉक्टरनं विचारलं, घरी जनावरं आहेत का, बाई जनावरांत काम करते का. हे म्हणाले, छे, मी टॅक्सी चालवतो. ती घरीच असते." ती हसायचा प्रयत्न करत होती. "मला ऐकून बरं वाटलं, खरं सांगू? शहरातल्या बाईसारखं वाटलं."

मला नाही बरं वाटलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठून बाहेर गेले आणि टॅक्सी पुसत असलेल्या रसनला तिथंच धरलं.

"डॉक्टर विचारतो ते काय सोयरीक जमवायला विचारतो का? खरं का नाही सांगितलंस?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. "ताई, तू तिथं नव्हतीस. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिच्याबरोबर पाचपन्नास नातेवाईक. बद्रिया पाणी मागायला बोलली आणि त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, मअदान दिसतेय, वास बघ. सगळ्या हसल्या. बद्रियानं अंगावरचा काळा अबाया तोंडावर ओढून घेतला. तापानं फणफणलेली, आणि तरी तोंड लपवतेय. तेवढ्यात डॉक्टरनं विचारलं. त्या सगळ्या कान टवकारून ऐकत होत्या. मी काय सांगू? हो, म्हशीत असते, शेणात असते?"

"हो. तेच सांगायचं."

"आणि तू घाबरतेयस ते हे नाहीच. रक्ताचा ताप खाटकांना होतो. मेंढपाळांना होतो. ही काय मांस कापते?"

आता हेही खरं की गावात सगळे असंच म्हणत. दर उन्हाळ्यात रक्ताच्या तापाची, अंगातून रक्त फुटून माणूस जातो त्या तापाची, बातमी यायची. वसंतात बाजारातला एक खाटीक गेला तेव्हा लोकांनी महिनाभर मांस खाणं सोडलं होतं. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं, खाटीक बंधूंनी काळजी घ्यावी, मेंढपाळ बंधूंनी काळजी घ्यावी. बहिणींचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तरी मी रसनला म्हटलं, सकाळी परत जा आणि सांगून ये. तो म्हणाला, दोन दिवस गोळ्या घेऊन बघू, उतार पडला नाही तर जाऊ. भावाला मी लहानपणापासून ओळखते. अडला की गाढव बरं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी तिचं तोंड धुवायला पाणी नेलं तर हिरड्यांतून रक्त येत होतं. दंडावर, जिथं कुणी बोटही लावलं नव्हतं तिथं, काळेनिळे डाग. मी रसनला हाक मारली ती सगळ्या गल्लीनं ऐकली.

या वेळी मी बरोबर गेले. बनीनला शेजारणीकडे ठेवलं. इस्पितळात त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारायच्या आत मी बोलायला लागले. म्हैस सांगितली, मेंढ्या सांगितल्या, एडका सांगितला, गोचिड्या सांगितल्या, नखं सांगितली. आजूबाजूचे ऐकत होते. मी आवाज आणखी चढवला. मअदान आहे म्हणून सांगितलं, आणि माझी भावजय आहे म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी बद्रियाचा हात हातमोज्यातल्या हातात घेतला आणि तिची नखं पाहिली. मग क्षणभर डोळे मिटले. पुढं सगळं झरझर झालं. तिला वेगळ्या खोलीत नेलं, काचेपलीकडे. सगळ्यांनी अंगभर प्लॅस्टिकचे कपडे चढवले. आम्हाला बाहेर थांबवलं.

बाकावर बसून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हा आजार होतो तरी किती जणांना?"

"फार नाही होत," त्या म्हणाल्या. "एखाद्या साली बोटावर मोजण्याइतके, एखाद्या साली शेकड्यांनी. सर्दीखोकल्यापुढं काहीच नाही. पण ज्यांना होतो ती माणसं ठरलेली असतात. खाटीक, मेंढपाळ, आणि घरी असणाऱ्या बायका."

"घरी असणाऱ्या?"

"घरी असते म्हणजे कुठं असते, हे विचारावं लागतं. चुलीपाशी कच्चं मांस कोण धुतं, गोठ्यात कोण जातं, गोचिड्या कोण फोडतं. पुरुष म्हणतात, काही नाही करत, घरीच असते."

रसन भिंतीला टेकून उभा होता. तो हळूहळू खाली सरकला आणि जमिनीवर बसला. त्याला त्या बाईंनी काही म्हटलं नव्हतं. पहिल्या खेपेला काय झालं ते त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यानंच खालून विचारलं, "त्या दिवशीच कळलं असतं तर?"

त्या त्याच्याजवळ वाकल्या. "कदाचित," म्हणाल्या. "तेव्हापासून रक्त चढवत आलो असतो, लक्ष ठेवलं असतं. कदाचित काही फरक पडलाही नसता. खरंच सांगता येत नाही, भाऊ."

ते ‘कदाचित’ आता आमच्या घरात राहतं. आमच्याबरोबर जेवायला बसतं.

मला काचेतून एकदाच बघू दिलं. बद्रियानं मला ओळखलं. तिनं बोटांनी खूण केली, मला आधी कळेना. मग कळलं. धार काढायची खूण होती. रिहानाची धार काढली का, विचारत होती. मी मान हलवली, हो म्हटलं. खोटं बोलले. रिहाना मला हातही लावू देत नव्हती. बद्रियानं डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला आंघोळ मला घालू दिली नाही. आमच्यात बाईला बायकाच शेवटचं न्हाऊ घालतात. घरातल्या सगळ्या बायकांना मी असाच निरोप दिलाय, आईला मीच न्हाऊ घातलं. बद्रियाला मी न्हाऊ घातलं नाही. तिला पिशवीत बंद केलं, वर आणखी एक पिशवी घातली, आणि प्लॅस्टिकच्या कपड्यांतली अनोळखी माणसं तिला नजफच्या कबरस्तानात घेऊन गेली. मागून रसनची टॅक्सी, त्यात तो एकटा. जिच्या हातांनी सगळं घर धुतलं, पुसलं, घासलं, तिच्या अंगावर घरच्या कुणाचा हात फिरला नाही. याचं मला जे दुःख आहे ते मी मरेपर्यंत कमी होणार नाही, आणि ते कमी व्हावं असं मला वाटतही नाही.

शोकाला कुणी आलं नाही. तंबू घातला, कडू कॉफी केली, खुर्च्या मांडल्या, आणि खुर्च्याच बसून राहिल्या. लोक गल्लीच्या तोंडापासूनच हात छातीला लावून परत फिरायचे. त्यांना मी दोष देत नाही. आम्हालाही रोज ताप मोजायला सांगितलं होतं. घरी परत आणलेल्या बनीनला शेजारीण खिडकीतून जेवण द्यायची आणि बनीन विचारायची, आईनं एडक्याची मेंदी पुसली का.

सरकारची माणसं आली, अंगण फवारून गेली, रिहानावर, मेंढ्यांवर, एडक्यावर औषध मारून गेली. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, जाड हातमोज्यांची एक पेटी दिली. यापुढं नखानं नाही, म्हणाल्या. बद्रियाचे आजारपणातले कपडे जाळले. भिंतीवरच्या खिळ्याला तिचा एक जुना अबाया राहिला होता, तोही त्यांनी औषधात बुडवून, उकळून परत दिला.

ईद आली आणि गेली. एडका अंगणातच आहे. रसनला कापवेना. मेंदी आता कपाळावर फिकट नारिंगी दिसते.

पण रिहानाचं काय करायचं? ती पान्हावेना. सकाळ-संध्याकाळ हंबरायची, दाराकडे बघायची, आणि मी जवळ गेले की लाथ झाडायची. तिच्या सडांना सूज यायला लागली. शेवटी मी हातमोजे चढवले, बद्रियाचा जुना अबाया अंगावर घेतला, ती गुणगुणायची तसं काहीतरी गुणगुणले आणि खाली बसले. मी गाते तेव्हा माणसंसुद्धा उठून जातात. रिहानानं अबाया हुंगला, आणि तांब्याभर दूध दिलं. नंतर पुन्हा लाथ. माझा गुडघा सुजला तो महिनाभर.

रसन त्या दिवसांत घरात असून नसल्यासारखा. टॅक्सी धूळ खात उभी होती. त्यानं मला लंगडत अबाया टांगताना पाहिलं. दुसऱ्या सकाळी मी उठले तर खिळा रिकामा.

मी अंगणात गेले. रसननं रिहानाला मागच्या अंगणातून सोडून पुढं, रस्त्याच्या बाजूला आणून बांधलं होतं. तीच म्हैस रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्यानं भिंत उंच करून घेतली होती. आणि आता तो गल्लीतल्या सगळ्यांदेखत, अंगावर बायकोचा काळा अबाया घेऊन, हातात हातमोजे घालून म्हशीखाली बसला होता. माझ्या भावाचे खांदे रुंद आहेत. अबाया पाठीवर उसवला होता.

तेवढ्यात हातिफ आला. इतक्या दिवसांनी लाज वाटून शोक करायला आला असावा. रस्त्याच्या पलीकडेच थांबला.

"देव धीर देवो, अबू बनीन," म्हणाला. मग त्याची नजर अबायावर गेली. "अरे, हे काय? आत तरी बस. लोक बघतायत. हे काय पुरुषाचं काम आहे?"

रसननं डोकं रिहानाच्या पोटाला टेकवलं होतं, ते उचललं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिवी देईल. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तो मोठ्यानं बोलला, एवढ्या मोठ्यानं, की जणू ऐकणारा रस्त्यापलीकडे नाही, शहरातल्या त्या इस्पितळात बसलाय.

"माझ्या बायकोचं काम आहे. बद्रियाचं. ती जनावरांत काम करायची. म्हैस तीच बघायची, मेंढ्या तीच बघायची, गोचिड्या हातानं काढायची. रोज करायची. डॉक्टरसाहेब, रोज करायची."

हातिफला काही कळलं नाही. तो इकडेतिकडे बघायला लागला, कुठला डॉक्टर म्हणून. मला कळलं. त्या दिवशी एवढंच वाक्य हवं होतं, आणि आता ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं होतं.

रसन परत खाली वाकला. रिहानानं मान वळवून अबाया हुंगला, बराच वेळ हुंगला. मग तिनं तोंड फिरवलं. बादली रिकामीच राहिली, आणि तो तिच्याखाली ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून होता.